पंचांग घरचे, ऋतू पर्वताचा

व्यापारी घराला हंगाम शिकवावा लागत नाही. जोगेश्वरीत स्वामी विवेकानंद मार्गालगतचा फर्निचरचा बाजार असो की स्थानकाजवळचे कापडाचे, भांड्यांचे वा लोखंडी सामानाचे दुकान असो, कोणता माल केव्हा भरावा आणि केव्हा काढून टाकावा हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. छत्र्या आणि ताडपत्र्या मे महिना संपण्यापूर्वी दुकानात याव्या लागतात. कार्तिकात आलेली छत्री पुढच्या ज्येष्ठापर्यंत माळ्यावर पडून राहते. माल उत्तम असूनही वेळ चुकली म्हणून तोटा झाला, ही गोष्ट गल्ल्याजवळ बसून लहानाचा मोठा झालेल्या मुलालाही कळते.

मात्र हेच कुटुंब हिमालयातील पदभ्रमणाचा बेत करू लागले की हिशेब उलटा होतो. आधी मुलांच्या परीक्षा पाहिल्या जातात, मग मार्चअखेर, मग पर्युषण, मग दिवाळीचे वहीपूजन. त्यातून उरलेल्या आठ-दहा दिवसांत छायाचित्रात आवडलेला एखादा पर्वत बसवला जातो. त्या तारखांना तो पर्वत कसा असेल, हा प्रश्न सर्वांत शेवटी, पुष्कळदा रेल्वेची तिकिटे काढून झाल्यावर विचारला जातो. दुकानात हंगाम चुकला तर भांडवल अडकते. चार हजार मीटरवर हंगाम चुकला तर माणसे अडकतात. म्हणून हा क्रम बदलणे अगत्याचे आहे.

न चालण्याचा ऋतू

चालण्यासाठी कोणता ऋतू योग्य, हे ठरवण्याआधी कोणत्या ऋतूत चालू नये हे ठरवणारी परंपरा या भूमीत फार जुनी आहे. जोगेश्वरीच्या एका अंगास अंधेरीची महाकाली, म्हणजेच कोंडिविटे येथील लेणी आहेत आणि दुसऱ्या अंगास बोरिवलीच्या अरण्यातील कान्हेरी. ही दोन्ही बौद्ध भिक्षूंची निवासस्थाने. वर्षावासाच्या काळात भिक्षूंनी भ्रमण थांबवून एका जागी राहावे, असा नियम होता. जैन साधु-साध्वींचा चातुर्मास त्याच श्रमण परंपरेतला. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत विहार बंद राहतो, कारण ओल्या भूमीवर कोंब, शेवाळ आणि असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न झालेले असतात. पालिताण्याच्या शत्रुंजयाची यात्राही या चार महिन्यांत थांबते आणि कार्तिक पौर्णिमेला पुन्हा सुरू होते.

या नियमाचा हेतू जीवरक्षा हा आहे. सह्याद्रीत मात्र जीवरक्षा आणि स्वरक्षा दोन्ही एकच सल्ला देतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि जोगेश्वरीसह सारे उपनगर पाण्याखाली गेले, हे घरोघरी स्मरणात आहे. समुद्रावरून येणारे असे मेघ घाटाच्या कड्याला अडून वर चढतात तेव्हा तेथील पाऊस अधिकच तीव्र होतो. कातळ शेवाळतात, धुक्यात वाट दिसेनाशी होते आणि गुडघाभर पाण्याचा ओढा तासाभरात ओलांडता येत नाही. पावसाळी गडावर होणारी गर्दी पाहून तोच खरा हंगाम आहे असे वाटते. पण नवख्या कुटुंबाने सप्टेंबर सरेपर्यंत थांबावे हेच उचित.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तिथी चंद्रावर चालते आणि ऋतू सूर्यावर. मुंबईत मॉन्सूनच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि माघारीची ८ ऑक्टोबर मानली जाते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढ पौर्णिमा २९ जुलैला येते, म्हणजे पावसाच्या नित्याच्या आगमनानंतर जवळजवळ सात आठवड्यांनी. तेव्हा साधना तिथीप्रमाणेच व्हावी. परंतु पर्वताचा बेत करताना तिथीवर विसंबून चालत नाही.

दिवाळी एक, हवामान दोन

हा फरक दिवाळीत सर्वाधिक जाणवतो. वहीपूजन झाले की लाभपंचमीपर्यंत अनेक दुकाने बंद असतात, शाळांनाही सुट्टी असते. म्हणून व्यापारी कुटुंबाच्या पदभ्रमणासाठी हाच काळ सोयीचा. पण लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होते, २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला आणि २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला येते. सणाचे नाव तेच, पण तारखेत तीन आठवड्यांपर्यंत अंतर. मुंबईत या तीन आठवड्यांनी फार तर पंख्याची गती कमी होते. उत्तराखंडात साडेतीन हजार मीटरवर मात्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात निरभ्र आकाश आणि सोसवेल अशी थंडी असते, तर नोव्हेंबरच्या मध्यास रात्री तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, ओढे काठाशी गोठू लागतात आणि दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास येऊन ठेपतो.

म्हणून एखाद्या परिचिताने दिवाळीत केलेली वाट दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीतही तशीच असेल असे गृहीत धरू नये. दिवाळी लवकर आली तर उत्तराखंडातील वा नेपाळातील उंच वाटा विचारात घ्याव्यात. उशिरा आली तर उंची कमी करावी. बंगाल-नेपाळ सीमेवरील ३६३६ मीटर उंचीचे संदकफू, जेथून कांचनगंगा आणि एव्हरेस्ट दोन्ही शिखरे दिसतात, हा अशा वेळचा चांगला पर्याय आहे.

एकूण पाहता सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा प्रारंभ हा हिमालयाच्या बहुतेक भागांत सर्वांत विश्वासार्ह काळ. पावसाने धूळ धुतलेली असते आणि शिखरे दूरवरून स्पष्ट दिसतात. तरी विश्वासार्ह म्हणजे निर्धोक नव्हे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले आणि दोन दिवसांनी त्याच्या अवशेषांनी नेपाळमधील ५४१६ मीटर उंचीच्या थोरांग खिंडीच्या परिसरात प्रचंड हिमवृष्टी केली. चाळीसहून अधिक माणसे दगावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ ते १९ तारखांच्या दरम्यान उत्तराखंडात अवकाळी अतिवृष्टी झाली आणि उंचावर बर्फात अडकलेल्या पदयात्रींनी प्राण गमावले. दोन्ही घटना हंगामाच्या ऐन मध्यातल्या. म्हणून निघण्याच्या आठवड्यात जसा पर्वतावरील अंदाज पाहायचा, तसाच बंगालच्या उपसागरावरील घडामोडींवरही डोळा ठेवायचा.

मे महिन्याची सुट्टी

मार्चअखेरचे हिशेब आटोपले आणि परीक्षा संपल्या की मे महिना मोकळा मिळतो. या काळाचा मोठा लाभ म्हणजे लांब दिवस. जूनमध्ये उत्तराखंडात सुमारे १४ तास उजेड असतो. पण हिवाळ्यातील बर्फ खालून वर वितळत जातो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तीन-साडेतीन हजार मीटरपर्यंतच्या वाटा चालण्याजोग्या झालेल्या असतात, तर साडेचार हजारांवरील खिंडींत अद्याप भरपूर बर्फ असतो. अधिक उंची गाठायची असेल तर जूनचा पहिला पंधरवडा बरा. पण त्यापुढे जाऊ नये. मॉन्सून सर्वसाधारणपणे जूनच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत उत्तराखंडात पोहोचतो, आणि कधी कधी त्याहून लवकर. २०१३ साली त्याने १६ जूनलाच सारा देश व्यापला आणि १६-१७ जूनला केदारनाथचा प्रलय झाला.

उन्हाळ्यातही दुपारनंतर ढग जमून गारा पडणे, विजा कडाडणे हे नित्याचेच. जून २०२४ च्या प्रारंभी उत्तराखंडातील सहस्त्रताल मार्गावर बंगळूरूच्या गटातील ९ पदयात्रींचा खराब हवामानात सापडून मृत्यू झाला. त्या तारखा बेहंगामी नव्हत्या. यातून घ्यायचा धडा असा, की योग्य महिना निवडला तरी योग्य तास पाळावा लागतो: पहाटे लवकर निघणे, दुपारपूर्वी खिंड ओलांडणे आणि ढग दिसताच खाली वळणे.

पावसाळ्यात कोरडा राहणारा हिमालय

जुलै-ऑगस्टमध्ये सारा हिमालय बंद असतो, अशी समजूत आहे. मॉन्सूनचे मेघ मुख्य पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावर रिकामे होतात. तिच्यामागे लडाख आणि स्पिती पर्जन्यछायेत राहतात. लेहमध्ये वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सांताक्रूझला त्या एका दिवशी पडला त्याच्या नवमांश. तेथील खिंडी याच महिन्यांत बर्फमुक्त असतात. म्हणून लडाखचा हंगाम जुलै ते सप्टेंबर. कुलूच्या हिरव्या खोऱ्यातून हामटा खिंडीवर चढून पलीकडे लाहौलच्या उजाड भूमीत उतरणाऱ्याला ही सीमा एका दिवसात पायांखालून जाताना दिसते. तरीही लडाखमध्ये ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री ढगफुटीने दोनशेहून अधिक बळी घेतले. ओढ्याच्या पात्रात तंबू न ठोकणे हा नियम कोरड्या प्रदेशातही पाळावाच लागतो.

लडाखला जाणाऱ्या मुंबईकराचा खरा शत्रू उंची आहे. जोगेश्वरी जवळपास समुद्रसपाटीला. तेथून विमानाने निघालेला माणूस काही तासांत ३५०० मीटर उंचीच्या लेहमध्ये उतरतो, आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. पुढेही तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. चार दिवसांची सुट्टी असेल तर लडाखातील पदभ्रमण नको, कारण हंगाम बरोबर असूनही शरीराला लागणारा वेळ शिल्लक राहत नाही.

पावसाळ्यातच पाहता येणारे एक स्थळ मात्र जैन घराला खरोखर पेचात टाकते. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी गढवालच्या एका दरीत उतरले आणि ती पुढे फुलांची घाटी म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर खुले असते. परंतु फुलांचा बहर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, म्हणजे भर पावसात आणि बहुतेक वर्षी चातुर्मासात. चातुर्मासात प्रवासाची मर्यादा पाळणाऱ्या घराने ती फुलांसाठी मोडावी काय, याचे उत्तर त्या घरानेच द्यायचे. जूनच्या प्रारंभी गेल्यास फुले थोडी दिसतात; पण बर्फाच्या शिरा उतरलेली, नुकती जागी होणारी दरी पाहायला मिळते आणि घरचा नियमही अबाधित राहतो. जे बहराच्या काळात जातील त्यांनी आखलेली वाट सोडू नये. तेथे मुक्कामाची परवानगी नाही. घांगरिया येथे राहून त्याच दिवशी परतावे लागते.

हिवाळा आणि घराजवळचे डोंगर

डिसेंबरअखेरच्या सुट्टीत बर्फ पाहण्याची हौस वाढली आहे. उत्तराखंडातील केदारकंठा, सुमारे ३८०० मीटर, ही हिवाळ्यातही केली जाणारी वाट. तेथे पुरेसे गरम कपडे, बर्फाचे जोडे आणि जाणता वाटाड्या यांविना जाऊ नये. ज्या घरात साठीच्या पुढचे आजी-आजोबा आणि लहान मुले आहेत, त्यांनी या महिन्यांत उंच हिमालयाऐवजी मध्यम उंचीच्या तीर्थांकडे वळावे. सम्मेद शिखराची २७ किलोमीटरची वंदना, गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्या आणि नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगी, जेथे २०१६ साली भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट मूर्तीची प्रतिष्ठा झाली, या सर्वांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उत्तम काळ. मार्चनंतर तापलेला कातळ तेथे दमवतो.

हिमालयाची पूर्वतयारीही याच महिन्यांत करावी. कान्हेरीपर्यंतची चढण रविवारी सकाळी चालता येते. पुढची पायरी कळसूबाईची. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्व द्रुतगती मार्गावर आणि ठाण्याहून नाशिकच्या महामार्गाने घोटीपर्यंत जाऊन बारी गाव गाठावे. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. पाठीवर सहा-सात किलोंचे ओझे घेऊन ते चढून-उतरून दुसऱ्या दिवशी दुकानात नेहमीप्रमाणे उभे राहता आले, तर पायांची तयारी झाली असे समजावे. उंचीची सवय मात्र सह्याद्रीत होत नाही. ती हिमालयातच, हळूहळू चढून करावी लागते.

व्रत, पाणी आणि दिवसाचे माप

ऋतू निवडताना जैन घराला आणखी एक माप लावावे लागते, आणि ते कोणत्याही सहल-संस्थेच्या पत्रकात सापडत नाही. चौविहार पाळणाऱ्यासाठी दिवसाची लांबी म्हणजे अन्नपाण्याचा अवधी. जूनमध्ये उत्तराखंडात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या आतच. उंचीवर कोरड्या हवेत शरीराला नेहमीपेक्षा अधिक पाणी लागते. हिवाळ्यात ते दहा तासांत प्यावे लागते आणि उरलेले चौदा तास त्याविना काढावे लागतात. नवकारशीचेही तसेच. शिखराच्या दिवशी अनेक गट रात्री दोन-तीनलाच निघतात. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. जूनमध्ये ती सकाळी सहाच्या सुमारास येते, डिसेंबरात पावणेआठच्या पुढे; म्हणजे हिवाळ्यात सर्वांत कठीण चढण पाण्याच्या घोटाविना चढावी लागते. अशा घरांनी मध्यरात्री निघावे लागणार नाही अशीच वाट निवडावी. हर की दून, संदकफू यांसारख्या वाटा त्या दृष्टीने सोयीच्या. चौविहाराऐवजी तिविहार घ्यावा काय, हे निघण्यापूर्वी गुरुजनांना विचारावे आणि डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा. तंबूत, डोके दुखत असताना घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

उकळलेल्या पाण्याच्या बाबतीत पूर्वजांनी ऋतूचा विचार आधीच करून ठेवला आहे: पावसाळ्यात त्याचा काळ ३ प्रहर, हिवाळ्यात ४ आणि उन्हाळ्यात ५. पर्वतावर त्यात एका गोष्टीची भर घालावी. चार हजार मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते. म्हणून उकळी फुटल्यावर आणखी तीन मिनिटे ते चुलीवर ठेवावे. त्याच कारणाने डाळ शिजायला वेळ लागतो. प्रेशर कुकर आणि जादा इंधन लागते, हे स्वयंपाक्याशी आधीच बोलून घ्यावे. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचेही पायथ्याच्या गावी पोहोचण्यापूर्वीच कळवावे. शिदोरीही ऋतूप्रमाणे बदलते. अनेक घरांत फाल्गुन चौमाशीनंतर सुकामेवा बंद होतो. तेव्हा मे महिन्यात खाखरा, भाजलेले चणे, कुरमुरे, सुखडी आणि गूळ न्यावा. दिवाळी उशिरा येऊन बेत कार्तिक पौर्णिमेनंतरचा असेल तर बदाम-खारीक चालते.

हिशेबाची वही

घरातील सर्वांनी मिळून एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात घराच्या मोकळ्या तारखा, इंग्रजी महिन्याप्रमाणे. दुसऱ्यात त्या तारखांना मोकळे असणारे पर्वत: मे-जूनमध्ये हिमाचल व उत्तराखंडाचा मध्यम भाग, जुलै ते सप्टेंबर लडाख-स्पिती, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर उत्तराखंड, नेपाळ आणि संदकफू, हिवाळ्यात सह्याद्री व तीर्थक्षेत्रे. तिसऱ्यात गटातील सर्वांत अशक्त व्यक्तीचे वय, प्रकृती आणि व्रत. तिन्ही रकान्यांत बसेल तोच पर्वत त्या वर्षीचा. आवडलेला पर्वत बसत नसेल तर त्याचे नाव पुढच्या वर्षीच्या कागदावर लिहावे.

या हिशेबात एक राखीव दिवस अवश्य धरावा. परतीचे तिकीट आणि दुकान उघडण्याचा मुहूर्त इतके जवळ असू नयेत, की वादळात थांबण्याऐवजी पुढे रेटावे असे वाटेल. उंचावरील पुष्कळ चुका धाडसापोटी होत नाहीत. उद्याची गाडी चुकेल या धास्तीने होतात. वाटाड्याने परत फिरायला सांगितले तर घरातील कर्त्याने भरलेल्या पैशाचा विषय काढू नये. पडत्या भावात माल आणखी भरण्यापेक्षा थोडे नुकसान सोसून बाहेर पडणे शहाणपणाचे, हे बाजारात ज्याला उमगते, त्याला खिंडीच्या पायथ्याशीही उमगायला हवे. आणि ही गोष्ट मुलांसमोर, निघण्यापूर्वी घरातच बोलून ठेवावी. म्हणजे परत फिरण्याची वेळ आलीच, तर त्यांना तो पराभव वाटणार नाही.